एस्तेरचं बोट

विजयमालेच्या घरी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, रोज उघडायचं, यात खोटं काहीच नव्हतं. चर्चच्या मंडळीतल्या बाया त्याचं कौतुक करायच्या, पाळकसाहेब उपासनेत तिचा दाखला द्यायचे. ते घरात कसं उघडतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नव्हतं.

डोळे मिटायचे, पुस्तक मधूनच कुठंतरी उघडायचं, आणि लेकराच्या हाताला पाप नसतं म्हणून लेकीचं, एस्तेरचं, बोट धरून पानावर टेकवायचं. बोटाखाली येईल ती ओळ म्हणजे आजचा दिवस. ओळ गोड निघाली की बाई गाणं गुणगुणत भाकऱ्या थापणार. लढाईची, रोगराईची निघाली की नवऱ्याने, कुंडलिकने, सायकलवर न बसता ती हातात धरून गिरणीत जायचं. बिचारा जायचाही! वेळापूरकडची तिची आजी गावच्या देवीला असाच कौल लावायची. घराण्याने देव बदलला, कौल काही सुटला नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माणसाचा धर्म विचारत नाही.

दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी सकाळी एस्तेर पोट धरून गोधडीवर पडली होती. अंगात ताप होता, दोनदा ओकली होती. विजयमालेने ओव्याचं पाणी पाजलं आणि लगेच पुस्तक आणलं. लेकीचं तापलेलं बोट धरून तिने डोळे मिटले. बोट टेकलं. तिने डोळे उघडले. तुला झालेलं मूल मरणार, असं ती ओळ सांगत होती.

तिने पुस्तक फटकन मिटलं.

"काय आलं गं आई?"

"चांगलंच आलंय. तू पड बरं गुमान."

एस्तेर तिसरीत होती. तिने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

कुंडलिक पाळीवरून आला, पोरीला बघितलं आणि तसाच टांगा आणायला धावला. सात रस्त्याच्या चौकावरून जाताना टांग्याच्या प्रत्येक हिसक्याला एस्तेर कळवळत होती. विजयमालेला रस्ता दिसतच नव्हता. डोळ्यांपुढे ती ओळ होती. पोर मांडीवर होतं, तरी हातातून निसटत असल्यासारखं तिला वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "अपेंडिक्स आहे. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायला हवं. आत फुटलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"न्हाय!" विजयमाला ओरडली. "सुरी लावायची न्हाय! आजचा दिवस जाऊ द्या. उद्या बघू."

"उद्या कशाला आणाल तिला?" डॉक्टर चिडले आणि तयारी करायला आत गेले.

कुंडलिकने तिला बाजूला घेतलं. तिने कानात ओळ सांगितली, तसा त्याचाही चेहरा पांढरा पडला. इतकी वर्षं सायकल हातात धरून चाललेला माणूस तो. त्याच्याने 'हो'ही म्हणवेना, 'नाही'ही म्हणवेना. बाकावर एस्तेर विव्हळत होती, आणि आईबाप दगडासारखे उभे होते.

तेवढ्यात शांतम्मा आली. अक्कलकोटकडची ही म्हातारी मंडळीच्या वतीने दवाखान्यात फिरून आजाऱ्यांना शास्त्र वाचून दाखवायची. विजयमालेने तिचे पायच धरले आणि रडत सगळं सांगितलं. शांतम्माने पिशवीतलं आपलं पुस्तक काढलं, ते पान शोधलं आणि मोठ्याने वाचायला लागली. दावीद राजा, त्याचं आजारी बाळ, राजाचा उपास, राजाचं रडणं. शेवटी बाळ मेलं. विजयमालेने कानांवर हात ठेवले.

"मेलं की ते," शांतम्मा म्हणाली. "पण बाळ कुणाचं? राजाचं. आन् त्या राजानं काय केलं हुतं?"

विजयमालेला माहीत नव्हतं.

"रोज पुस्तक उघडतीस आन् येवढंबी ठावं न्हाय? दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलं त्यानं, ती ओळ त्याला हुती. अगं यव्वा, ताटातला एक दाणा उचलायचा, काळा का पांढरा बघायचा आन् ताट सारायचं, ह्याला जेवण म्हणत्यात व्हय? उपाशी हायेस तू. उपाशी माणसाला भ्या लवकर धरतं."

"मग माझी पोर जगंल का?"

शांतम्माने पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "ते मला ठावं न्हाय. ह्या पुस्तकात तुझ्या एस्तेरचं नशीब लिवलेलं न्हाय, वाईट न्हाय तसं चांगलंबी न्हाय. मलाबी लई भ्या वाटतंय. पर डाक्टर काय म्हणतोय ते तू ऐकलंस की."

खोटा का होईना, दिलासा मिळेल म्हणून विजयमाला तिच्या तोंडाकडे बघत होती. तो मिळाला नाही. ती तशीच उठली, नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाली, "हो म्हणा त्यास्नी."

एस्तेरला आत नेलं. पोर रडली नाही, ओरडली नाही. दार लागलं, तशी विजयमाला बाकावर बसली. शांतम्माचं पुस्तक तिच्या मांडीवर होतं. डोळे मिटावेत, बोट टेकवावं, एकदाच, शेवटचंच! हात शिवशिवत होता. तिने तो पदरात गुंडाळला आणि त्या राजाची गोष्ट सुरुवातीपासून वाचायला घेतली. भीती गेली नाही. प्रत्येक ओळीला दार उघडल्याचा भास व्हायचा. तरी ती वाचत राहिली, आजारी माणसाने बळेबळे घास गिळावा तशी.

दुपार उलटल्यावर डॉक्टर बाहेर आले. "फुटायच्या बेतात होतं. वाचली."

कुंडलिक मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

भूल उतरल्यावर एस्तेरने डोळे उघडले. ओठ कोरडे पडले होते. "आई, मी मेले न्हाय?"

"असं का म्हणतीस गं राणी?"

"सकाळी मी वाचलं हुतं की. बोट माझंच हुतं. तू भिशील म्हणून बोलले न्हाय."

सुरीखाली जाताना लेकरू का रडलं नाही, ते आता विजयमालेला कळलं. तिने ते बोट आपल्या मुठीत घट्ट मिटून घेतलं.

"आई, ते बाळ कुणाचं हुतं? काय झालं त्याचं?"

विजयमालेने डोळे पुसले, पुस्तक जवळ ओढलं आणि मागची पानं उलटली.

"सांगते," ती म्हणाली. "पर पयल्यापासनं सांगते. रोज थोडं थोडं."