मामाची डावी बरगडी

जगातल्या सगळ्यात उंच रोलर कोस्टरवर पहिला बसला तो मामा. दुसऱ्यांदाही तोच, आणि चाळिसाव्यांदाही. मामा म्हणजे पाणी भरलेला रबरी पुतळा, वजन ऐंशी किलो. माणसं बसवण्याआधी असे वीस पुतळे बसवून फेऱ्या मारायच्या होत्या. त्यातले एकोणीस ठणठणीत होते. तिसऱ्या सीटवरचा मामा तेवढा सारखा गळायचा.

पार्कची मेकॅनिक बाई वैतागली होती. विक्रमाची नोंद करणारे पाहुणे शनिवारी येणार होते, आणि त्यांच्यासोबत पहिल्या गाडीत तिचे बाबा बसणार होते. साहेबांच्या नाकदुऱ्या काढून तिने ती तिसरी सीट मिळवली होती. साहेब म्हणायचे, पुतळा म्हातारा झालाय, ठिगळ लाव आणि मोकळी हो. तिने सात ठिगळं लावली. आठवं काही केल्या चिकटेना, तेव्हा गुरुवारी मामाला रिकामा केला, स्कूटरवर मागे बांधला आणि थेट बाबांच्या दुकानात नेला.

बाबांनी उभा जन्म पंक्चर काढण्यात घालवलेला. त्यांनी मामाला आडवं केलं, चष्मा पुसला आणि एकेक ठिगळ चाचपलं. आधी लेकीच्या कामाला यथेच्छ नावं ठेवली. मग ठिगळं परत एकदा मोजली.

"सगळी डाव्या बरगडीवरच कशी गं?"

"तिथेच फाटतो तो, बाबा."

"एकाच जागी परत परत पंक्चर झालं, की मी ट्यूब बघत बसत नाही. टायरात हात घालतो. आत काहीतरी टोचत असतं."

एवढी शिकलेली बाई, आणि आठवडाभर मामालाच दोष देत बसली होती.

ती तशीच पार्कवर परतली आणि सीटच्या पाठीवर सगळा भार टाकून रेलली. डाव्या बाजूला बोल्टचं टोक बरगडीत रुतलं. तो बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता. शेजारच्या सीटचाही.

साहेबांनी डोक्याला हात लावला. पाहुणे परवा यायचेत, ती एक सीट रिकामी ठेवू, म्हणाले. तिने गाडी चालू करायच्या पेटीला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

"त्या सीटवर माझे बाबा बसणार होते, साहेब. बाकीच्या सीटांवरही कुणाचे ना कुणाचे बाबाच बसणार आहेत."

उद्घाटन दहा दिवस पुढे गेलं. वर्तमानपत्रांनी साहेबांची यथासांग टिंगल केली. सगळे बोल्ट बदलले, आणि मामा पन्नास फेऱ्या मारून थेंबही न सांडता परत आला. मगच बाबा बसले.

गाडी थांबली. लेक श्वास रोखून उभी होती. बाबा उतरले, केस विस्कटलेले. त्यांनी आधी डावी बरगडी नीट चाचपून पाहिली.

"कोरडा आहे," ते म्हणाले.

डोळे मात्र घळाघळा वाहत होते. तिने रुमाल पुढे केला, तर त्यांनी हात बाजूला सारला.

"ते गळू दे. तिथे ठिगळ नको."