पाच गिअर, सगळे मागे

मिस्त्रींच्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्त व्हायचं आणि बोलणी फुकट मिळायची. मशीन घेऊन कुणी आलं की हे चष्मा कपाळावर चढवून सुरू व्हायचे, "चाक आपल्याकडे फिरवायचं, आपल्याकडे! उलटं फिरवलंत म्हणूनच दोरा गुंतला." जन्मभर लोकांची उलटी चाकं सुलटी करणाऱ्या या गृहस्थाने स्वतः काय दिवे लावले, ते ऐका.

मिस्त्रींच्या बायकोला टेकडीचं भारी वेड. वर दगडाची जुनी खाण होती, तिच्यात पाणी साठून तळं झालेलं. वाट म्हणजे नुसते धोंडे. पण सुट्टी आली की मिस्त्रींच्या मोटारसायकलवर मागे बसून ती वर जायचीच. मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मोटारसायकलवर टांग टाकणं कायमचं बंद झालं. "आता ते राहिलंच," एवढं ती एकदा म्हणाली. त्यानंतर खिडकीतली तिची खुर्ची तिने फिरवून टीव्हीकडे केली. मिस्त्रींच्या ते फार जिव्हारी लागलं. हिला एकदा तरी वर न्यायचंच, त्याशिवाय स्वतःला मिस्त्री म्हणवून घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

मेहुणा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. तो म्हणाला, "दाजी, त्या वाटेवर जीपवालासुद्धा यायला तयार नाही."

"मग मी बनवतो की!" मिस्त्री म्हणाले. असली वाक्यं त्यांच्या तोंडून आधी निघत आणि डोकं मागाहून चालू होई.

भंगारवाल्याकडे कुणीतरी अर्धवट सोडलेली बग्गी पडली होती: लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार जाडजूड टायर आणि दोन खुर्च्या. इंजिन नव्हतं. मिस्त्रींनी मोटारसायकलचं इंजिन काढून घेतलं आणि उरलेली मोटारसायकल बग्गीच्या बदल्यात भंगारवाल्याला देऊन टाकली. बायको दारात उभी राहून बघत होती. "आत्मा तोच राहणार आहे गं," असं काहीतरी भारदस्त बोलून मिस्त्रींनी वेळ मारून नेली. आता ही बग्गी चालली नाही तर मोटारसायकलही गेली आणि टेकडीही गेली, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

इंजिनाची जागा खुर्च्यांच्या मागे होती. मोटारसायकलमध्ये होतं तसंच ते ठेवून पाहिलं, तर धुराचा तापणारा पाइप नेमका बायकोच्या पाठीशी येत होता. मिस्त्रींना काही ते बघवेना. त्यांनी इंजिन उचललं, त्याचं तोंड मागे केलं आणि बसवलं. पाइप मागच्या मागे निघून गेला. चेन दुसऱ्या बाजूला आली, तर त्यांनी तिचं चाकही त्या बाजूला वेल्डिंग करून घेतलं. सगळं असं चपखल जुळलं की ते स्वतःच्याच बुद्धीवर फिदा झाले.

"दाजी, उलटं नाही ना बसलं?" मेहुण्याने विचारलं.

"तू आपला क्लच-ब्रेक शिकव. यंत्रातलं मला कळतं."

पहिल्या फेरीला त्यांनी बायकोला उशी लावून बसवलं, पट्टा बांधला, किक मारली. इंजिन झकास सुरू झालं. मिस्त्रींनी रुबाबात पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि बग्गी मागे जाऊन पाण्याच्या टाकीवर आदळली. घाईत काहीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी दुसरा गिअर टाकला. बग्गी पुन्हा मागेच गेली, जरा जास्त उत्साहाने.

मग प्रकाश पडला. इंजिन फिरवून बसवलं, म्हणजे चाकांचं फिरणंही फिरलं.

मेहुणा भिंतीला धरून हसत होता. "अहो दाजी, पाच गिअर, सगळे मागे! पुढे जायला एकही नाही!"

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उलट्या चाकावर जन्मभर प्रवचन झोडलं आणि आपलंच चाक उलटं! "उतर गं," ते बायकोला म्हणाले. "होती ती मोटारसायकलपण घालवली मी."

"पण उलटं बसवलंत कशाला?"

"पाइप तुझ्या पाठीला लागत होता."

तिने पट्टा आणखी घट्ट केला. "चला. आपलं तोंड कुणीकडे आहे, ते टेकडीला कुठे कळतंय?"

"ताई, अगं खाली कशी येणार?" मेहुणा ओरडला.

"न्यूट्रलवर! उतारच आहे ना? ब्रेक तर लागतात. तू गप रे."

मान मागे वळवून, कमरेला पीळ देऊन मिस्त्रींनी अख्खी गल्ली उलटी पार केली. एवढा तमाशा फुकटात कोण सोडतो? लोक दारादारांत आले. कोपऱ्यावरची शिंपीणबाई तर बोलणी खाऊन खाऊन तयार झालेली. ती खिडकीतून ओरडली, "मिस्त्री, चाक आपल्याकडे फिरवायचं, आपल्याकडे!" मिस्त्रींनी निमूटपणे मान डोलावली. दुसरं करणार काय?

धोंड्यांवर आदळत, आपटत बग्गी पाठमोरी चढू लागली. आता एक नवीनच पंचाईत झाली. गाडी उलटी चालल्यावर इंजिन झालं पुढे, त्यामुळे धूर आणि झळ सगळी यांच्याच मानगुटीवर. मिस्त्रींची मान भाजून निघाली. जिच्यासाठी एवढी अक्कल पाजळली, तिचीही तीच गत होत असणार, हे कळून त्यांना आणखीच कानकोंडं झालं.

बायको मात्र समोर बघत होती. चढावर मागे बसून इतकी वर्षं तिने मिस्त्रींचा शर्टच पाहिला होता. आज तिच्यासमोर गल्ली लहान होत गेली, मग छपरं दिसली, मग नदीचं वळण. "अहो, आपलं घर बघा," ती म्हणाली. मिस्त्रींना बघता येईना, मान मागे होती.

तळ्याशी पोचल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि तिला हाताला धरून उतरवलं. तिची मान लालबुंद झाली होती, पदरावर काजळी बसली होती. मिस्त्री तोंड उघडणार, एवढ्यात तिने पदर मानेवरून ओढून घेतला.

"पाठीला जराही झळ लागली नाही हो," ती म्हणाली.