पायमोज्यांचा चेंडू

बुधवारी जेवणं आटोपली की ताई ड्रॉवरमधून पायमोज्यांचा चेंडू काढायची आणि चांगली शहाणीसुरती, चष्मे लावलेली माणसं खुर्च्यांचा गोल करून शाळेतल्या पोरांसारखी बसायची. चेंडू ज्याच्या हातात येईल त्यानं उठायचं आणि आठवड्यात आपल्या हातून झालेली एक चूक सांगायची. कुणी रागवायचं नाही, टोमणा मारायचा नाही, आणि इथलं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही. नियम एवढेच. चेंडू ताईनंच बनवला होता, मुलाच्या जोड हरवलेल्या मोज्यांचा.

ताई म्हणजे त्या टीमची प्रमुख. मॅडम म्हटलेलं तिला खपत नसे, म्हणून सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठे होते तेसुद्धा. टीमचं काम दवाखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहायचं. पेशंटनं खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर घंटा वाजते आणि खाटेचा नंबर दिसतो ना, तो निरोप पोचवायचं काम यांच्या प्रोग्रॅमचं. दिसायला अगदी किरकोळ काम. पण ते चुकलं, तर पलीकडे कुणीतरी बटण दाबत पडून राहणार.

आधीच्या नोकरीत ताईनं पुष्कळ पाहिलं होतं. तिथे चूक झाली की लोक आधी तिच्यावर पांघरूण घालत आणि नाहीच जमलं तर ती शेजारच्याच्या दारात नेऊन टाकत. अशा टाकलेल्या चुकांपैकी एक ताईच्याही अंगावर शेकली होती. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आपल्या हाताखाली माणसं येतील तेव्हा त्यांना चूक सांगायची भीती वाटता कामा नये. यात वाईट काय होतं? काहीच नाही. सुरुवातीचे काही महिने तर खेळ औषधासारखा लागू पडला. कुणी चेंडू हातात धरून, खाली मान घालून, चुकीची फाइल पाठवल्याचं सांगायचा आणि दुपारपर्यंत दोघं-तिघं त्याच्याशेजारी खुर्च्या ओढून ती चूक निस्तरायला बसलेले असायचे.

मग टोपरं आलं.

टीममधल्या कुणाच्या तरी बाळाचं ते टोपरं, लोकरीचं, कानांवर गोंडे असलेलं. आठवड्यातली सगळ्यात झकास चूक ज्याची, त्यानं ते दिवसभर डोक्यावर चढवायचं, आणि चूक झकास आहे की नाही हे टाळ्यांवरून ठरायचं. कल्पना कुणाची ते पुढे कुणालाच आठवेना, पण हसली सगळ्यात आधी ताई, एवढं खरं. त्या दिवसापासून माणसं चुका सांगायच्या ऐवजी रंगवायला लागली. मंगळवारी रात्री घरी आरशासमोर तालीम करणारेही निघाले. कंपनीचे साहेब पाहुण्यांना घेऊन खोलीच्या काचेबाहेर उभे राहत आणि सांगत, बघा, आमची माणसं खेळता खेळता शिकतात. पाहुणे माना डोलवत. काचेतून हसणं तेवढं दिसे.

टोपरं बहुतेक वेळा रेडिओच्याच डोक्यावर असायचं. रेडिओ म्हणजे घंटेचा प्रोग्रॅम लिहिणारा. एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून हे नाव. कामात हुशार, मनानं निर्मळ आणि जिभेला हाड नाही. याच्या उलट शंकासुर. ही प्रोग्रॅमची तपासणी करणारी मुलगी. प्रत्येक गोष्टीत हिची शंका आधी उभी. तिच्या चुका खऱ्या असत, पण सांगणं रेशनच्या दुकानातल्या पाटीसारखं. टाळ्या दोन, त्याही ताईच्या. एकदा तिनं चेंडू हातात धरून विचारलंही होतं, "या सगळ्या चुका दुरुस्त कोण करतं?" कुणीतरी म्हणालं, बसा हो शंकासुर, चहा गार होतोय. सगळे हसले. तीही हसली. न हसून सांगते कुणाला.

रेडिओनं घंटेची चूक सांगितली ती अशाच एका बुधवारी. दोन खाटांवरून अगदी एकाच क्षणी बटणं दाबली गेली, तर प्रोग्रॅम गोंधळतो आणि दोन्ही निरोप गिळून बसतो, मग त्या खाटांवरून पुन्हा कितीही दाबलं तरी घंटा वाजत नाही, हे त्याला आदल्या दिवशी सापडलं होतं. दुसऱ्या कुणी हे दोन वाक्यांत सांगितलं असतं. रेडिओ उठला, त्यानं नकलेत दोन म्हातारे उभे केले. दोघेही दारात. आधी तुम्ही. छे छे, आधी तुम्ही. अहो, तुम्हाला कळ आलीय, तुम्ही आधी. तुमचीही काही कमी नाही, तुम्ही आधी. दोघे वाकून वाकून एकमेकांना वाट देतात आणि आत कुणीच जात नाही. मग रेडिओ खुर्चीत टेकला, पायावर पाय टाकला, आळस दिला आणि नर्सबाईच्या आवाजात म्हणाला, "आज किती शांत आहे सगळं!"

लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. ताईच्या बरगडीत कळ आली, डोळे पुसायला रुमाल सापडेना. टोपरं रेडिओच्या डोक्यावर तिनं स्वतःच्या हातानं घातलं. पुढे कितीतरी दिवस कुणी लिफ्टच्या दारात अडखळलं की मागून आवाज यायचा, आज किती शांत आहे सगळं, आणि ताईला हटकून हसू फुटायचं.

चूक मात्र तिथेच राहिली. रेडिओला वाटलं, ताईनं ऐकलंय, ती ते कामात धरेल. ताईला वाटलं, ज्याची चूक आहे तो करेलच की. शंकासुराला वाटलं, इतक्या जणांनी इतकं हसून ऐकलेली गोष्ट कोण विसरेल? टाळ्या वाजल्या म्हणजे काम झालं असं त्या माणसांना वाटायला लागलं होतं, आणि त्यांना वाटायला लागलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. चूक लपवणाऱ्या लोकांच्या हातून हे झालं नसतं. ते निदान घाबरून रात्री तरी जागले असते.

बातमी साहेबांनी आणली. एका दवाखान्यात भर दुपारी एक पेशंट गेला. खिडकीजवळची खाट, माणूस वयस्कर पण बरा होऊन दोन दिवसांत घरी जायचा होता. सापडला तेव्हा हातात बटण तसंच घट्ट धरलेलं. ड्यूटीवरच्या सिस्टरला घरी बसवलं होतं. ती म्हणते घंटा वाजली नाही, दवाखाना म्हणतो तिला डुलकी लागली. साहेब ताईला म्हणाले, आपल्याकडून एक निवेदन हवंय, घंटेत काही दोष नाही म्हणून. चौकशीला हजर राहावं लागेल, पण ते नावापुरतं.

ताई तशीच उठली. ती रेडिओच्या टेबलापाशी गेली तर त्याचा चेहरा पांढराफटक, बोटं कीबोर्डवर. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. चहा निवायच्या आत दुरुस्ती झाली. इतकंच काम होतं ते. त्यानंतर घंटा हवी तशी तपासली असती तरी तीत दोष सापडला नसता. ताईनं निवेदन लिहिलं: तपासणीत दोष आढळला नाही, आणि असा काही दोष असल्याचं आमच्या कानावर कधी आलेलं नाही. पहिला अर्धा भाग खरा होता, त्याच्या आधारानं तिनं दुसरा लिहून टाकला.

संध्याकाळी जिन्यात शंकासुरानं तिला गाठलं. म्हणाली, "ताई, ती बाई घरी बसलीय. तिची नोकरी जाईल, आणि झोपेत माणूस मारला म्हणून नाव जन्मभर राहील."

ताईनं तिला समजावलं. खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही, हा आपला शब्द आहे. तो मोडला तर पुन्हा कुणी चूक सांगायला तोंड उघडणार नाही. आणि रेडिओचं काय? त्याला दोन लहान मुलं आहेत. ताई हे बोलत होती आणि बोलता बोलता तिला ते पटतही होतं. आपल्या भीतीला आपण नियमाचं नाव देतोय, हे मनाच्या कोपऱ्यात कळत होतं, पण त्या कोपऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. शंकासुर जिना उतरून गेली.

चौकशी दवाखान्याच्याच एका खोलीत होती. लांब टेबल, भिंतीवर हात धुण्याच्या सूचनांचं चित्र, पाण्याचे पेले झाकलेले. मधोमध चौकशी करणारे वयस्कर डॉक्टर. एका बाजूला साहेब, ताई आणि रेडिओ. समोर सिस्टर, आणि तिच्यापासून एक खुर्ची सोडून गेलेल्या माणसाची मुलगी. मुलीनं बापाची चष्म्याची डबी मांडीवर धरली होती.

आधी ताईचं निवेदन वाचलं गेलं. डॉक्टरांनी विचारलं, हे बरोबर आहे ना? ताई म्हणाली, हो. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. रेडिओ टेबलाच्या कडेवर अंगठा घासत होता.

मग डॉक्टरांनी गेलेल्या माणसासमोरच्या खाटेवरच्या पेशंटचं म्हणणं सांगितलं. त्यालाही त्याच सुमाराला पाणी हवं होतं, त्यानंही बटण दाबलं होतं, पण कुणी आलं नाही म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला. घंटा वाजली नाही म्हणता, तर तुम्हीच सांगा बाई, असं म्हणून डॉक्टर सिस्टरकडे वळले. दोन माणसं बटणं दाबतात आणि एकही घंटा तुम्हाला ऐकू येत नाही, हे कसं?

सिस्टर पन्नाशीची, बारीक अंगाची. रडून झालेलं असावं, आवाज कोरडा होता. ती म्हणाली, झोप नव्हती लागली. टेबलापाशीच बसले होते, औषधांच्या वाट्या लावत होते. घरी बसवल्यावर वाटायला लागलं, आपलेच कान गेले असतील. जाऊन तपासून आले. कान चांगले आहेत म्हणतात. तरी रात्री उठून घड्याळ कानाला लावून बघते. मग जे जसं घडलं होतं ते तसं तिनं सांगितलं.

"मी मान वर करून वॉर्डाकडे पाहिलंसुद्धा," ती म्हणाली. "आणि मनात म्हटलं, आज किती शांत आहे सगळं."

ताई हसली.

हसायचं नव्हतं तिला. देवाशपथ नव्हतं. पण ते वाक्य कानावर पडलं की हसायचं, ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली होती की हसू तिला न विचारता बाहेर पडलं. तिनं तोंडावर हात दाबला तोवर ते खोलीभर झालं होतं. साहेबांचा पेला हवेतच राहिला. रेडिओनं डोळे मिटले.

सिस्टर रागावली नाही. तिनं ताईकडे पाहिलं, खूप वर्षं पेशंटांचे चेहरे वाचलेली बाई पाहते तसं.

"यात हसण्यासारखं काय होतं?" तिनं विचारलं. खरंच माहीत करून घ्यायचं असावं तसं.

साहेब घाईनं म्हणाले, ताण आहे हो, मॅडमना बरं नाही. ताईला वाटलं, आता खोकावं, माफी मागावी, बाहेर जाऊन तोंड धुऊन यावं. सगळे मानतील. आणि ही बाई घरी जाऊन पुन्हा घड्याळ कानाला लावेल.

"हे वाक्य मी आधी ऐकलंय," ताई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. चेंडू सांगितला, टोपरं सांगितलं, दारातले दोन म्हातारे सांगितले. इतक्या बुधवारांत चेंडू तिच्याकडे कधी आलाच नव्हता. वरिष्ठाच्या अंगावर चेंडू टाकणार कोण? त्यामुळे चूक कशी सांगतात याचा तिला सराव नव्हता. ती अडखळली, पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं, निवेदनातलं खोटं सांगायचं राहून गेलं म्हणून पुन्हा परत आली. मध्येच रेडिओ दबल्या आवाजात म्हणाला, प्रोग्रॅम माझा आहे. ताई म्हणाली, प्रोग्रॅम याचा, पण ऐकलं आम्ही सगळ्यांनी, आणि त्या दिवशी दुरुस्त केला असता तर चहा निवायच्या आत झाला असता. साहेब उठून खिडकीपाशी गेले होते.

सिस्टरनं दोन्ही हात कानांवर ठेवले, कान दुखत असावेत तसे, आणि तशीच बसून राहिली. आपण बहिरे नाही हे कळल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठेच नव्हता.

बोलली ती गेलेल्या माणसाची मुलगी. 

"मग त्या दिवशी ते टोपरं कुणाला मिळालं?"

 डबी तिच्या मांडीवर होती आणि ती वाट पाहत होती. रेडिओनं हात वर केला, वर्गात करतात तेवढाच, खांद्याच्या जरा खाली.

"याला," ताई म्हणाली. "घातलं मी."