खूण न ठेवणारं घर

मी घर बोलतोय. म्हणजे मला तरी तसं वाटतं. कागदोपत्री मी कोण, हे अजून ठरायचं आहे आणि त्या ठरवाठरवीत माझं डोकं पार चक्रावून गेलं आहे.

गावापासून लांब, शेताच्या कडेला मला एका सुताराने आणि त्याच्या बायकोने उभं केलं. माती त्याच शेतातली, तिच्यात पेंढा तुडवलेला. खाली सिमेंट नाही, नुसते दगड रचलेले. छप्पर लाकडी खांबांवर. शेतजमिनीवर घर बांधायला इथे बंदी आहे. पण नव्या नियमाने एक वाट ठेवली. जे घर जमिनीला त्रास देणार नाही आणि मोडल्यावर मागे खूण ठेवणार नाही, त्याला परवानगी.

"हा नियम आपल्यासाठीच केलाय बघ," सुतार बायकोला म्हणाला. भोळा माणूस!

बायकोचे वडील त्यांच्याजवळच राहतात. त्यांना दिसत नाही. शहरातल्या खोलीत ते दिवसभर खुर्चीत बसून असायचे, कारण उठलं की कशाला तरी धडकायचे. म्हणून सुताराने माझ्या भिंती गोलसर लिंपल्या, टोकदार कोपरा कुठेच ठेवला नाही. बाबा भिंतीला तळवा लावून खाटेवरून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीत एकटे फिरू लागले. त्यांच्या हाताने माझ्या अंगावर कमरेएवढ्या उंचीला एक गुळगुळीत पट्टा उमटला आहे. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

मग तपासनीस आले. "वेलींमुळे घर दिसतच नाही की हो!" ते म्हणाले. सुताराची कळी खुलली. रस्त्यावरून घर दिसू नये, ही नियमातली अट त्याने जीव ओतून पाळली होती. साहेबांनी लिहिलं, 'बांधकाम लपवले आहे.'

"आणि खूण राहणार नाही याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

सुतार इरेला पेटला. त्याने त्यांच्यादेखत स्वयंपाकघराची भिंत पाडायला घेतली. बायको ओरडत होती, "अहो, बाबांचा तरी विचार करा!" पण ऐकतो कसला! ढेकळं पाण्यात विरघळली, चिखल भाजीच्या वाफ्यात गेला. साहेब खूश. 'खूण राहत नाही' असा शेरा मिळाला. मला दुखलं खरं, पण पास झालो म्हणून बरंही वाटलं.

पुढच्या महिन्यात दुसरे तपासनीस आले. "इथली भिंत कुठाय? परवानगी राहण्याजोग्या घरालाच मिळते."

"उद्याच बांधतो, साहेब."

"छे, छे! निकाल लागेपर्यंत नवीन बांधकाम करायचं नाही."

सुतार थोबाडीत बसल्यासारखा उभा राहिला. आता निकाल महिनाअखेरीस आहे. नकार आला तर मी जमीनदोस्त, ही तिघं परत त्या खोलीत आणि बाबा खुर्चीत.

भिंत विरघळली म्हणून मी पास आणि भिंत नाही म्हणून नापास. अहो, भिंत तर एकच होती! कुणाला कळलं असेल तर मलाही समजावून सांगा.

तिच्या जागी सध्या दोरी बांधली आहे. आज सकाळी बाबा स्वयंपाकघराकडे निघाले. पट्टा संपला, हात दोरीवरून निसटला आणि तोंडावर वारा आला. ते जागच्या जागी थांबले.

"बाळ, मी घरात आहे की बाहेर?"

त्यांची मुलगी पिठाच्या हातांनीच धावली.

"घरातच, बाबा," ती म्हणाली आणि हाताला धरून तिने त्यांना खाटेवर नेऊन बसवलं.

साहेब, मी मातीचा आहे, मातीत जायला कुरकुर करणार नाही. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा, पण लवकर लिहा. सकाळपासून बाबा खाटेवरून उठलेले नाहीत.