मोठ्याने द्यायचं मत

पूर्वेच्या ग्रामीण मतदारसंघात गावं चाळीस आणि मतदार जेमतेम तीनशे. ज्याच्या नावावर ठरावीक जमीन किंवा गिरणी, त्यालाच मत. बाकीच्यांनी लांबून बघायचं. गोऱ्या सरकारने हा मतदारसंघ काढल्यापासून दोन निवडणुका झाल्या होत्या, पण मत असं कुणी दिलंच नव्हतं. दोन्ही वेळा भागातले सर्वांत मोठे जमीनदार, ज्यांना सगळे मालक म्हणत, एकटेच उभे राहिले आणि घरबसल्या निवडून आले. तिसऱ्या खेपेला सरकारी दवाखान्याची नोकरी सोडलेल्या डॉक्टरांनी अर्ज भरला, आणि कचेरीतल्या कारकुनाची झोप उडाली.

कारण तेव्हा मत चिठ्ठीवर नसे. मतदाराने टेबलासमोर उभं राहून आपलं नाव सांगायचं, मग ज्याला मत द्यायचं त्याचं नाव सगळ्यांदेखत मोठ्याने सांगायचं. कारकुनाने ते वहीत लिहायचं. हा कारकून राहायचा मालकांनी दिलेल्या घरात, नोकरी लागली ती मालकांच्या शब्दावर. आणि अख्ख्या यादीत बाई एकच होती: त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी तिच्या नावावर झाली होती.

आदल्या दिवशी तो गिरणीवर गेला.

"ताई, उद्या नाही आलीस तर नाही का चालणार? मालकांचा कारभारी माझ्या शेजारीच बसणार आहे."

"बसू दे की. त्याला काय मी उचलून ठेवू?"

"थट्टा नको गं. तू कुणाचं नाव घेणार ते तरी सांग."

"ते उद्या सगळ्यांना सांगायचंच आहे," ताई म्हणाली आणि पट्टा चढवायला वळली.

मतदान शाळेच्या मोठ्या खोलीत होतं. मतदान घेणारे कचेरीचे साहेब खुर्चीत, एका बाजूला कारभारी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांचा माणूस. कारकून सकाळपासून लिहीत होता आणि मनातल्या मनात मोजत होता. मालकांना सहज मिळतील वाटलेली मतं डगमगत होती. कोणी डॉक्टरांचं नाव घेतलं की कारभारी नुसता मान वर करून त्या माणसाकडे बघायचा. तेवढंच. कारकून मात्र वहीवरून नजर हलवत नसे.

चार वाजून गेले तेव्हा ताई आली. डॉक्टरांचा माणूस दोन घास खायला बाहेर गेला होता. साहेब पेंगत होते.

तिने नाव सांगितलं. मग स्पष्ट म्हणाली, "डॉक्टर."

कारकुनाचा टाक कागदावर टेकला आणि तिथेच थांबला.

"मालकच म्हणाल्या ना?" कारभारी हळूच म्हणाला. ताई तोवर दाराकडे वळली होती. साहेबांनी डोळे किलकिले केले. "काय झालं?"

"काही नाही, साहेब," कारकून म्हणाला आणि त्याने मालकांचं नाव लिहिलं.

निकाल लागला. मालक एकशे एक्केचाळीस, डॉक्टर एकशे चाळीस.

त्या एका मताने कारकुनाला ग्रासलं. तो घरी जेवेना, बोलेना. बायकोने विचारलं, "दुखतंय का काही?" तर म्हणाला, "काही नाही." त्याची सारी भिस्त एकाच गोष्टीवर होती, की मतांची वही कपाटात बंद झाली. पण आठव्या दिवशी वरून हुकूम आला. कुणी कुणाला मत दिलं ती यादी कचेरीच्या भिंतीवर लावायची. हरकतीला पंधरा दिवस. यादी त्यालाच उतरवून काढायची होती. ताईच्या ओळीवर शाई सांडली आणि कागद बदलावा लागला. तरी खरं नाव काही त्याने लिहिलं नाही.

ताईला वाचता येत होतं. ती दुसऱ्याच दिवशी आली, बोट फिरवत आपल्या नावापर्यंत गेली आणि कचेरीत न शिरता त्याच्या घरी जाऊन बसली.

"माझं तोंड बंद करायचं होतं तर सांगायचंस," ती म्हणाली. "मी घरी बसले असते. पण माझ्या तोंडी दुसऱ्याचं नाव घातलंस तू."

"माझी मुलंबाळं रस्त्यावर येतील, ताई."

"तू जा साहेबांकडे. नाहीतर मी जाते. मी गेले तर ते तुला तुरुंगात घालतील."

रोज सकाळी तो आज सांगायचं म्हणून निघायचा आणि संध्याकाळी तसाच परत यायचा. कचेरीच्या दारात कारभाऱ्याचा माणूस दिसला की तो मागच्या दाराने आत जायचा, ताई दिसली तरी तसंच. यादी लागल्यापासून चौदाव्या दिवशी, कुठून बळ आलं कोण जाणे, तो साहेबांपुढे उभा राहिला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला.

"हरकत एकही आली नाही म्हणून मी निकाल परवाच राजधानीला पाठवून दिला," साहेब म्हणाले. "त्याआधी आला असतास तर मी इथेच दुरुस्त केलं असतं."

नोकरी त्याच दिवशी गेली, घर आठवड्याने. मुलाबाळांसह तो ताईच्या गिरणीवर राहायला आला. तुरुंगात जायचं की नाही हे राजधानीच्या उत्तरावर होतं. ते उत्तर यायला सात महिने लागले. टपाल येण्याच्या वेळेला त्याला गिरणीत बसवायचं नाही. तो रस्त्यावर येऊन उभा राहायचा.

उत्तरात शिक्षेचा शब्दही नव्हता. अशी भानगड झालेला, एवढ्या थोड्या मतदारांचा वेगळा मतदारसंघ चालवण्याचं कारण सरकारला दिसत नव्हतं. तो मोडून शहराला जोडला होता. मालकांची जागा गेली, डॉक्टरांना मिळालीच नाही. चाळीस गावांसाठी बोलणारं राजधानीत कुणी उरलं नाही. बाजारात लोक कारकुनाला 'मतदारसंघ गिळलेला' म्हणू लागले.

तो ताईच्याच गिरणीत धान्याची पोती मापायला लागला. ताई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. मुलांचं दूधदुभतं मात्र तीच बघायची.

एकदा डॉक्टर स्वतः दळण घेऊन आले. त्याने मान खाली घालूनच पिशवी घेतली.

"खरं बोललात तुम्ही," डॉक्टर म्हणाले. "त्याला धाडस लागतं."

त्याला हुरूप आला. त्याने वर बघितलं.

"पण चौदा दिवस लागले तुम्हाला," ते म्हणाले आणि पीठ होईपर्यंत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.