रथसप्तमीची मुलाखत

रुचिराची मुलाखत सकाळी व्हायची होती. समितीतल्या कुणाला तरी अडचण आली आणि ती संध्याकाळी पाचवर गेली. आमच्याकडचं हळदीकुंकूही पाचलाच होतं. रथसप्तमी, म्हणजे शेवटचा दिवस. ते पुढे ढकलता येईना. मुलाखत ढकला म्हणायची तिची हिंमत नव्हती. मूल झाल्यावर शिक्षण सुटलेल्या बायकांना पीएचडी पुरी करण्यासाठी ही फेलोशिप मिळते, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं.

"बाबा, बायकांना फक्त बाहेर थांबवा," असं म्हणून सून हॉलमध्ये लॅपटॉपसमोर बसली.

मी जिन्यात तिळगुळाचा डबा घेऊन, बेलचं बटण पाठीआड झाकून उभा राहिलो. ग्रंथालयात नोकरी केली, पण टेबल मध्ये नसलं की मला बायकांशी बोलणं सुचत नाही.

"यंदा कुंकू तुम्ही लावणार काय, काका?" तिसऱ्या मजल्यावरची अनुपमा म्हणाली. मागच्या बायका हसल्या.

"हळू. मुलाखत चाललीय तिची." फेलोशिपचं सगळं मी उलटसुलट सांगितलं.

"आता या वयात कसली फेलोशिप?" अनुपमा म्हणाली.

"तुझ्या पोराच्या दहावीला अख्खी बिल्डिंग टीव्ही बंद करून बसली होती," शेजारच्या कुंदाताई म्हणाल्या. "बस गप." आणि भरजरी साडी आवरून त्या स्वतःच पायरीवर बसल्या. मग सगळ्याच बसल्या.

आतून रुचिराचा आवाज येत होता, मग थांबला. थांबला तो थांबलाच. जमत नसेल का? मी डब्याचं झाकण उघडत होतो, लावत होतो. शेवटी कुंदाताईंनी डबा काढून घेतला.

दार उघडलं. रुचिराचा चेहरा उतरला होता.

"सहा महिने रत्नागिरीला राहावं लागेल म्हणाले. जमेल का विचारलं. मी हो म्हटलं. तुम्हाला कुणाला न विचारताच."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. माझा मुलगा निलेश ऑफिसातून नऊला येतो. नात किरण चार वर्षांची, तिची वेणीसुद्धा मला घालता येत नाही. माझ्या भरवशावर कुणी घर सोडावं असा मी माणूस आहे का?

"जा," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नसावं. पुन्हा म्हणालो तर आवाज नको इतका मोठा निघाला. रुचिरा दचकली.

"अहो, हाकलताय की पाठवताय?" कुंदाताईंनी विचारलं.

"पाठवतोय," मी म्हणालो, आणि बायकांना वाट द्यायला बाजूला सरलो.