आ-फाची निळी

"आ-च्यूची निळी पाहिलीस का रे?" गालावर साबणाचा फेस असतानाच खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने विचारलं. "काय फुटवे आलेत तिला!"

लो चिन-फाचा वस्तरा हवेतच थांबला. कीलुंग बंदरामागच्या त्या गल्लीत त्याची उभी हयात दाढ्या करण्यात गेली होती आणि आजवर कुणाला ओरखडा गेला नव्हता. आज जाता जाता राहिला.

"ती माझी आहे," तो म्हणाला. "मी दिलीय त्याला."

"असेल बाबा. सगळे आ-च्यूचीच म्हणतात, म्हणून म्हटलं."

आरशाशेजारच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत चिन-फाने नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलेलं निळं प्रवाळ होतं, तीच ही निळी. प्रवाळ पाळणाऱ्यांची एक रीत असते. चांगली जात एकट्याने दडवून ठेवायची नाही, फांदी तोडून मित्राला द्यायची. उद्या आपल्या टाकीतलं मेलं तर तिकडून फांदी परत येते. आणि फांदी कुठेही गेली तरी नाव मूळ घराचंच राहतं. चिन-फाला सगळे आ-फा म्हणत, म्हणून तायपेईतले शौकीनसुद्धा तिला 'आ-फाची निळी' म्हणत. चिन-फाच्या नावाचं जगात दुसरं काही नव्हतं. दुकानाच्या पाटीवरही सासऱ्याचं नाव होतं.

खोकला नसताना खोकत तो समोरच्या आ-च्यूच्या औषधाच्या दुकानात गेला. तिथल्या टाकीत निळी खरोखरच अंगाने भरली होती.

"या आ-फादादा!" आ-च्यू काउंटरमागून उठला. "बघा, कशी माजलीय."

"रिॲक्टरला गॅस किती सोडतोस?"

"मला काय ठाऊक? तुम्हीच बसवून दिलंत ना. तुम्ही म्हणालात हात लावू नकोस, मी नाही लावला. आपल्याला कुठे त्यातलं कळतं!"

गाढवाला काही कळत नाही आणि त्याच्याकडे फुलतंय, चिन-फा मनात म्हणाला. खोकल्याचं औषध घेऊन तो परतला.

रिॲक्टर म्हणजे टाकीखाली ठेवलेली एक बंद नळकांडी. तिच्यात मेलेल्या प्रवाळाचे खडे भरायचे. बाटलीतून गॅसचे बुडबुडे सोडले की आतलं पाणी आंबट होतं, खडे हळूहळू विरघळतात, आणि ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत पडून जिवंत प्रवाळाची हाडं घडवतं. मेलेल्यांनी जित्यांना पोसायचं, एवढंच. गॅसचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि मग आठवडाभर हात खिशात ठेवायचे, हे चिन-फा नवशिक्यांना ओरडून सांगायचा.

आता त्याचेच हात शिवशिवत होते. एक गिऱ्हाईक उठलं की दुसरं बसायच्या आत तो खाली वाकून स्क्रू फिरवी. बुडबुडे भराभर सुटायला लागले.

"माझी कंबर मोडली तरी कधी विचारत नाहीस," त्याची बायको सू-लुआन टॉवेलांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "त्या दगडाची नाडी मात्र सारखी बघतोस. आ-च्यूचं बरं चाललंय ते बघवत नाही, दुसरं काय!"

"तू गप्प बस. तुला यातलं कळत नाही."

"यातलं नाही कळत. तुझ्यातलं कळतं."

काही दिवसांनी निळीची टोकं पांढरी झाली. प्रवाळाचं नवं वाढतं टोक पांढरंच असतं, त्यामुळे चिन-फाला आनंदाने काही सुचेना. "आली बघ, वाढ आली!" म्हणत त्याने गिऱ्हाइकांना खुर्चीसकट टाकीकडे फिरवलं. आ-च्यूलाही मुद्दाम बोलावून दाखवलं आणि वर आणखी थोडा गॅस सोडला.

ती वाढ नव्हती. पाण्यातला क्षार एकदम चढल्याने टोकं जळली होती. मग बुंध्यापासून साल सुटावी तसं निळं कातडं सुटू लागलं. चिन-फाने स्क्रू बंद केला, पाणी बदललं, सगळं केलं. नको तेव्हा हात लावला आणि आता हाताने काही होईना. शेवटी पांढराफेक सांगाडा उरला.

सू-लुआन एरवी टोमण्याची संधी सोडत नसे. त्या दिवशी तिने नुसता माशाच्या गोळ्यांच्या सुपाचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी आ-च्यू छत्री झटकत आत आला. हातात पाण्याने भरलेली पिशवी, पिशवीत बोटाएवढी निळी फांदी.

"सगळ्यात जाड होती ती तोडली," तो म्हणाला. "तुमचीच आहे, दादा. मी येईल त्याला सांगतो, आ-फाची निळी म्हणून. लोक ऐकत नाहीत, त्याला मी काय करू?"

चिन-फाला त्याच्या तोंडाकडे बघवेना. आ-च्यूने दावा सांगितला असता तर भांडता तरी आलं असतं. "बस, केस वाढलेत तुझे," एवढंच तो म्हणाला, आणि कापले तेही अगदी मन लावून.

टाकी ताळ्यावर येईपर्यंत फांदी पुन्हा समोरच्याच दुकानात राहिली. तोवर चिन-फाने जुना सांगाडा धुऊन वाळवला, फोडला आणि त्याचे खडे रिॲक्टरमध्ये भरले. फांदी टाकीत लावल्यावर स्क्रू केसभर फिरवला आणि हात ॲप्रनच्या खिशात घातले.

पुढे एक नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. मान तिरकी करून त्याने टाकीकडे पाहिलं. "छान निळा रंग आहे. कुणाची ही?"

सू-लुआनच्या हातातला टॉवेल थांबला.

"आ-च्यूची," चिन-फा म्हणाला. "समोरच्या औषधवाल्याची. मान सरळ ठेवा."